टॅप-डाय संच : घरगुती वापरासाठी निवड

टॅप-डाय संच हा धातूत हाताने आटे पाडण्याच्या अवजारांचा संच आहे. भोकाच्या आतून आटे पाडतो तो टॅप आणि गजावर किंवा बोल्टवर बाहेरून आटे पाडते ती डाय. दोन्ही फिरवायला वेगवेगळी हँडले लागतात. बाजारात आठ-दहा नगांच्या डबीपासून शंभराच्या वरच्या पेटीपर्यंत हा संच मिळतो. निवड करताना नगांची संख्या पाहू नये. आपल्या घरात, बागेत आणि गाडीवर कोणत्या मापाचे बोल्ट आहेत, हे आधी मोजावे.

गोव्यात या निवडीला एक वेगळी बाजू आहे. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. किनाऱ्यालगत बाराही महिने खारा वारा असतो. फाटकाची बिजागरी, पंपाच्या तळाचे बोल्ट, स्कूटरचा आरसा, खिडकीच्या जाळीचे स्क्रू असे सगळेच गंजते. त्यामुळे इथल्या घरात संच बाहेर निघतो तो बहुतेक वेळा नवे आटे पाडायला नव्हे, तर गंजलेले, चेपलेले आटे साफ करायला किंवा तुटलेला बोल्ट काढल्यावर भोक पुन्हा कामाचे करायला. त्याच हिशेबाने संच घ्यावा.

आट्याची ओळख दोन गोष्टींनी होते : बाहेरचा व्यास आणि पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर. मेट्रिक मापात एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर व्यास आणि नेहमीच्या जाड आट्यात १.२५ मिलिमीटर पिच. याच मालिकेत एम ४ ची पिच ०.७, एम ५ ची ०.८, एम ६ ची १, एम १० ची १.५ आणि एम १२ ची १.७५ आहे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण हार्डवेअरच्या बोलीतून इंच गेलेला नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती बोल्ट पाव इंचाचा, अडीच सुती ५/१६ इंचाचा, तीन सुती ३/८ इंचाचा. हे बहुधा व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात ही पद्धत मांडली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, मेट्रिकमध्ये ६० अंशांचा.

घोटाळा होतो तो अडीच सुतीत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, एम ८ पासून केसभर कमी. अडीच सुती नट एम ८ च्या बोल्टवर ठेवून बोटांनी फिरवला तर एक-दोन फेरे सहज बसतो आणि मग अडतो. हात सांगतो की गंज आहे, तेल घालून पान्याने ओढा. खरे कारण असे की व्हिटवर्थमध्ये इथे इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर, आणि बोल्टची १.२५. प्रत्येक फेऱ्याला फरक साचत जातो. पाना लावला की नट आणि बोल्ट दोघांचेही आटे जातात. म्हणून संचाबरोबर पिच गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा जुडगा, हवाच. पाते आट्यात बसवून उजेडासमोर धरावे; फट दिसली नाही तर माप जुळले. गेज नसेल तर पट्टीवर दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागावे.

गोव्यातल्या साध्या घराला मेट्रिक एम ४, एम ५, एम ६, एम ८ आणि एम १० पुरतात. एम १२ पंपाच्या किंवा फाटकाच्या जड कामासाठी. त्यात एक बारीक आट्याचे माप जरूर घालावे : एम १० ला १.२५ पिच. जपानी धाटणीच्या बऱ्याच दुचाकींच्या आरशाचे आटे याच मापाचे असतात आणि पावसात आरसा गंजून अडकणे नेहमीचेच. इंची मापे घरात जुना पंप किंवा ब्रिटिश घडणीची मोटारसायकल असेल तरच घ्यावीत, तीही सुटी. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाणी फिरवणाऱ्या अर्धा-पाऊण इंची पाइपांना यातले काहीच चालत नाही. पाइपाचे अर्धा इंच हे नाव आतल्या वाटेवरून पडले आहे. बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर आणि इंचाला १४ आटे. त्याची डाय आणि रॅचेट हँडल वेगळे, ते प्लंबरकडून करून घेतलेले बरे.

हाताने वापरायच्या टॅपांचा जोड तिघांचा असतो. पहिल्याचे टोक लांबवर निमुळते, तो भोकात सरळ शिरतो. दुसरा मधला. तिसऱ्याला निमुळतेपणा जवळजवळ नाही, तो आरपार नसलेल्या भोकाच्या तळापर्यंत आटे नेतो. मोठ्या पेटीत नग वाढवण्यासाठी मापे भरपूर ठेवतात आणि प्रत्येक मापाचा एकच टॅप देतात. इंजिनाच्या किंवा पंपाच्या ओतीव भागातली भोके बहुधा बंद तळाची असतात. तिथे तिसऱ्या टॅपावाचून काम अर्धे राहते. पाच मापांचे तीन-तीन टॅप हे पंधरा मापांच्या एकेका टॅपापेक्षा कितीतरी उपयोगी.

डायमध्येही दोन जाती. गोल डायला एका बाजूला चीर असते. स्क्रूने ती किंचित उघडता-मिटता येते आणि नवा आटा सैल-घट्ट करता येतो. षटकोनी डाय पान्याने फिरवता येते, त्यामुळे पंपाच्या तळाशी, जिथे हँडल फिरायला जागा नाही, तिथेही ती चालते. काही स्वस्त संचांत षटकोनी डाय असतात आणि अनेकजण त्यांना नावे ठेवतात. नवे आटे पाडायला त्या खरोखरच कमी पडतात. गंजलेले आटे साफ करायला मात्र त्याच सोयीच्या, आणि इथे काम बहुतेक तेच. एक काळजी घ्यावी : धारदार टॅप जुन्या आट्यातून नेला की गंजाबरोबर थोडी धातूही निघते. आधी तारेचा ब्रश आणि तेल, मग बोटांच्या जोराने टॅप; हँडलवर जोर द्यावा लागला तर माप तपासावे.

टॅप साध्या कार्बन पोलादाचे आणि हाय स्पीड स्टीलचे, म्हणजे एचएसएसचे मिळतात. एचएसएस तापल्यावरही धार धरून ठेवते. हातकामात टॅप फारसा तापत नाही, म्हणून साध्या लोखंडाला, पितळेला, ॲल्युमिनियमला चांगल्या घडणीचा कार्बन टॅपही चालतो. पण खाऱ्या हवेमुळे इथे स्टेनलेसचे सामान फार वापरतात, आणि स्टेनलेस घासले की जागच्या जागी कडक होते. त्यासाठी एचएसएसच घ्यावा. एम ६ आणि एम ८ हे सगळ्यात जास्त लागणारे टॅप एचएसएसचे आणि बाकीचे साधे, ही वाटणी खिशालाही परवडते.

टॅप तुटतो तो बहुतेक वेळा भोक लहान पडल्यामुळे. नियम सोपा आहे : व्यासातून पिच वजा करावी. एम ६ ला ५ मिलिमीटरचे ड्रिल, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम ५ ला ४.२, एम ४ ला ३.३. ही ड्रिले संचाबरोबरच घ्यावीत, कारण घरच्या ड्रिल बॉक्समध्ये ६.८ किंवा ४.२ सहसा नसतात आणि मग ६.५ वर काम ढकलले जाते. आटा पूर्ण खोलीचा केला तर तो तीन-चतुर्थांश खोलीच्या आट्यापेक्षा सुमारे ५ टक्केच मजबूत होतो, जोर मात्र जवळजवळ तिप्पट लागतो. स्टेनलेसमध्ये एम ६ ला ५.२ चे भोक केले तरी बिघडत नाही.

भोकाच्या तोंडाची धार मोठ्या ड्रिलने मोडावी, टॅप उभा धरावा, आणि दोन फेऱ्यांनंतर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून दोन बाजूंनी पाहावे. पुढे अर्धा फेरा, मागे पाव. मागे फिरवताना बारीक ‘कट्’ असा आवाज येतो आणि हाताला झटका जाणवतो, तो कीस तुटल्याचा. तो जाणवला नाही तर टॅपाच्या खाचा किसाने भरल्या आहेत. टॅप काढून झाडावा. पोलादाला कटिंग ऑइल. ते नसेल तर खोबरेलही वाईट नाही. ॲल्युमिनियमला रॉकेलासारखे पातळ तेल, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कोरडेच.

तरीही टॅप तुटलाच, तर भाग लहान आणि ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा असल्यास एक जुना उपाय आहे. बेअरिंग, पिना असे पोलादी सगळे काढून तो भाग काचेच्या भांड्यात तुरटीच्या दाट, गरम पाण्यात ठेवावा. तुरटीचे पाणी पोलाद खाते आणि ॲल्युमिनियमला फारसे लागत नाही. कित्येक तास, कधी दोन दिवसही लागतात. पाणी गरम ठेवावे आणि आटले की भर घालावी. कार्बन टॅप यात लवकर विरघळतो, एचएसएस रेंगाळतो. लोखंडी भागात हा उपाय नाही, तिथे लेथवाल्याकडे किंवा विजेच्या ठिणगीने धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवर जावे लागते.

होडीच्या आउटबोर्ड इंजिनात ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे बोल्ट असतात. खारे पाणी मिळाले की दोन धातूंत विजेसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि बोल्ट जखडतो. अशा भोकात मोठ्या मापाचा टॅप चालवण्यापेक्षा तारेच्या वेटोळ्याचा, हेलिकॉइल नावाचा आटा बसवून मूळ माप राखावे. त्याचा टॅप खास असतो, नेहमीच्या संचात तो नसतो. देवघरातल्या जुन्या पितळी समईचे आटेही संचातल्या मापाशी जुळतीलच असे नाही, कारण कारागीर ते आपल्या अंदाजाने पाडतो. तिथे डाय लावली तर दांडा कायमचा डुगडुगतो. गॅसच्या आणि ब्रेकच्या जोडण्यांवर घरचा संच चालवूच नये.

विकत घेताना टॅपावर मापाबरोबर पिचही कोरली आहे का पाहावे आणि दाते बोटाच्या नखावर हलके टेकवून धार तपासावी. प्लास्टिक पेटीतला स्पंज पावसाळ्यात ओल धरतो. तो काढून टाकावा, प्रत्येक टॅप पुसून मशीन ऑइल लावावे, तेलाच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा, आणि श्रावणात एकदा डबा उघडून फडके बदलावे.