डोकेदुखी, डोळ्याचा पडदा आणि ‘बिनाइन’ हा शब्द : पार्श्वभूमी

न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी (डोळा आणि मेंदू यांच्या संबंधातले विकार) आणि डोकेदुखीचे विकार हे दोन्ही विषय एकाच डॉक्टरच्या पाटीवर इंदूरसारख्या शहरात आजही क्वचितच दिसतात. येथील मराठी घरांत डोके दुखू लागले की आधी ‘नंबर वाढला असेल’ म्हणून चष्म्याचे दुकान गाठले जाते, मग पित्ताला दोष दिला जातो आणि त्यानेही भागले नाही तर कोणीतरी सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा सल्ला देते. डोळा आणि डोके यांची ही सांगड मात्र निव्वळ अडाणीपणाची नाही. आयुर्वेदाच्या संहितांतील ‘सूर्यावर्त’ ही डोकेदुखी डोळा व भुवईपाशीच सुरू होते आणि उन्हाबरोबर चढत जाते. ‘अर्धावभेदक’ म्हणजे आपली अर्धशिशी, आणि तिच्याआधी दिसणाऱ्या नागमोडी, चमकत्या रेषांची तपशीलवार रेखाचित्रे १८७० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली.

दोन विषयांची खरी गाठ १८५१ मध्ये वर्णिलेल्या ऑप्थॅल्मोस्कोपने, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाने, बांधली. अंधाऱ्या खोलीत रुग्णाला समोरच्या भिंतीकडे पाहायला सांगून डॉक्टर डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टाकतो, तेव्हा दृष्टिचेतेचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे, तोंड गोल, कडा रेखीव असलेले दिसावे लागते. त्या कडा पुसट होऊन फुगल्या असतील, तर कवटीतील दाब वाढल्याची शंका येते. १८६० मध्ये बर्लिनच्या एका नेत्रवैद्याने ही सूज मेंदूतील गाठीशी जोडली, आणि १८९१ पासून पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीचे पाणी काढून दाब प्रत्यक्ष मोजता येऊ लागला. (‘पाठीतले पाणी काढले की कंबर कायमची जाते’ ही भीती बहुधा तेव्हापासूनच या तपासणीच्या मागे लागली असावी.)

घोळ नावाचा झाला, आणि तो जवळजवळ शतकभर चालला. गाठ नसतानाही दाब वाढलेले, बहुतांशी तरुण व वजन जास्त असलेल्या स्त्रियांचे रुग्ण दिसू लागले, तेव्हा १९०४ मध्ये या अवस्थेला ‘स्यूडोट्यूमर’, म्हणजे खोटी गाठ, असे नाव मिळाले. १९५५ मध्ये ‘बिनाइन इंट्राक्रेनिअल हायपरटेन्शन’ (बीआयएच), म्हणजे कवटीतील निरुपद्रवी दाबवाढ, हे नाव पुढे आले. गाठ नाही, जीव जात नाही, म्हणून बिनाइन, असा त्यामागचा विचार होता. जिवाच्या हिशेबाने तो बरोबर होता, पण डोळ्यांच्या हिशेबाने नव्हता. १९८२ मध्ये ५७ रुग्णांचा ५ ते ४१ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला आणि त्यांतील सुमारे एक-चतुर्थांश जणांची दृष्टी गंभीररीत्या अधू झाल्याचे आढळले. ज्या आजाराला निरुपद्रवी म्हटले, त्याच्या रुग्णाला ‘गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी या’ असे सांगणे स्वाभाविक ठरते. नावाने केलेले हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही, तरी ते कमी लेखता येत नाही. १९८० च्या दशकाअखेर ‘बिनाइन’ मागे पडून ‘इडिओपॅथिक’, म्हणजे कारण न कळलेले, रूढ झाले आणि बीआयएचचे आयआयएच झाले. २०१३ च्या सुधारित निकषांत प्रौढांच्या निदानासाठी पाण्याचा दाब किमान २५० मिलिमीटर ठरला, पण त्याच निकषांनी ‘स्यूडोट्यूमर’ हा शब्द पुन्हा वर काढला, हे काहीसे गमतीचे आहे.

२०१४ मध्ये १६५ रुग्णांवरील चाचणीने वजन घटवण्याबरोबर ॲसिटाझोलामाइड हे दाब उतरवणारे औषध दिल्यास दृष्टीत अधिक सुधारणा होते, असे दाखवले. दृष्टी स्थिरावली तरी डोके दुखत राहू शकते, आणि त्या दुखण्याचा तोंडवळा बहुधा मायग्रेनसारखा असतो. पडदा तपासणाऱ्याला डोकेदुखीही हाताळता यावी लागते, ती इथेच. १९८८ मध्ये डोकेदुखीचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आले, २०१८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती पूर्ण झाली, आणि डोकेदुखी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. आपल्याकडे मात्र या वाटेला लागणारा डॉक्टर एक तर डोळ्यांच्या एमएसकडून येतो, नाहीतर मेडिसिननंतर न्यूरॉलॉजीचे डीएम करून, आणि उरलेली अर्धी विद्या त्याला फेलोशिपमध्ये किंवा दुसऱ्या विभागात बसून मिळवावी लागते.

जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यावर ‘बीआयएच’ आणि आतल्या नव्या कागदांवर ‘आयआयएच’ लिहिलेले दिसले, की हा दुसरा आजार कधी जडला, असे नातेवाईक विचारतात.