सायकलला विमा नाही, म्हणून भरपाई नाही?

“सायकलला ना पासिंग, ना विमा. गाडीने उडवलं तर काय मिळणार?” हे वाक्य पोलीस ठाण्याच्या आवारातही सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चुकीचं आहे.

भरपाई सायकलच्या विम्यातून मागायचीच नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. सायकलस्वार हाच तो ‘थर्ड पार्टी’. दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, तोही तुम्ही राहता तिथल्या. चूक तुमचीही असेल, समजा उलट्या बाजूने येत होतात, तर रक्कम कापली जाते. दावा त्यामुळे आपोआप बाद होत नाही. गाडीचा विमा संपलेला असेल, तर मालकाच्या खिशातून वसुली. गाडी पळून गेली तरी सरकारी योजनेत मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहेत.

दावा दाखल करण्याच्या मुदतीबाबत मात्र जुन्या सल्ल्यावर जाऊ नका. १९९४ नंतर बरीच वर्षं मुदतच नव्हती, म्हणून “बघू सावकाश” म्हणणारे अजून भेटतात. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे.

जागेवर गाडीवाला पाच-दहा हजार पुढे करून “मिटवून टाकू” म्हणतो, तेव्हा कशावरही सही करू नका. आधी नंबर प्लेटचा फोटो काढा, एफआयआर नोंदवा. दवाखान्यात केसपेपरवर ‘पडून लागलं’ असं लिहू देऊ नका. ‘कारची धडक’ असंच लिहून घ्या. विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच कागद उघडतो.