गाडी म्युनिकला घ्यायची, आल्प्सपर्यंत फिरवायची: युरोपियन डिलिव्हरीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये 2020 च्या आधी जर्मन गाडी घेतलेला कोणी ओळखीचा असेल तर युरोपियन डिलिव्हरी हे प्रकरण कानावर आलं असेल. म्हणजे गाडी न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियातल्या नेहमीच्या डीलरकडेच बुक करायची, पैसे तिथेच भरायचे, पण चावी मात्र म्युनिकला जाऊन घ्यायची, एक-दोन आठवडे ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली जमेल तसं फिरायचं, मग कंपनीने सांगितलेल्या ठिकाणी गाडी सोडून विमानाने घरी, आणि गाडी मागाहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरातून बोटीने येणार. त्यातही बीएमडब्ल्यू कंपनी शिवाय किमतीत सूट द्यायची. बहुतेकांना वाटतं की ही मार्केटिंगवाल्यांनी डोकं लढवून काढलेली हौसेची सहल. माझं मत उलटं आहे, ही मुळात टॅक्स आणि डॉलरची गोष्ट, सहल तिला नंतर चिकटली.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप बघा. सगळ्यांनाच डॉलर हवे होते. ब्रिटनमध्ये घरच्या गिऱ्हाइकाला गाडीवर दणदणीत परचेस टॅक्स होता, 50 च्या दशकाच्या सुरुवातीला तर तो 66 टक्क्यांच्या वर गेला होता, आणि तरी गाडीसाठी वाट बघावी लागायची कारण माल एक्स्पोर्टला जायचा. पण परदेशी पाहुण्याने तीच गाडी घेतली आणि काही काळ तिथे फिरवून देशाबाहेर नेली तर टॅक्स माफ! जर्मनीत 1961 पर्यंत एका डॉलरला 4.20 मार्क मिळायचे, ठरलेला भाव, त्यामुळे अमेरिकन माणसाला फोक्सवॅगन काय नि पोर्शे काय, सगळंच स्वस्त पडायचं, वर भाड्याच्या गाडीचा खर्च वाचला तो वेगळाच. कंपन्यांनी टुरिस्ट डिलिव्हरीचे वेगळे विभाग काढले ते या हिशोबावर.

आता गाडी विकली तर आहे, पण त्या देशात विकलेली धरायची नाही, मग ती रस्त्यावर चालवायची कशी? इथे नंबर प्लेटची गंमत येते. जर्मनीत अशा गाड्यांना लंबगोल आकाराच्या कस्टम्सच्या प्लेट मिळायच्या, नंतर त्यांच्या जागी उजव्या कडेला लाल पट्टा आणि त्यावर मुदत संपायची तारीख अशी प्लेट आली, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळावं की पाहुणा कधीपर्यंत आहे. फ्रान्सने याच कल्पनेचा वेगळा धंदा केला. रेनो, प्यूजो, सिट्रोएन यांनी युरोपियन युनियनबाहेरच्या लोकांना टॅक्स न लावता कोरी गाडी द्यायची, लाल प्लेटवर, आणि सहल संपली की कंपनीनेच ती परत घ्यायची. कागदावर खरेदी, प्रत्यक्षात काही आठवड्यांचं भाडं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चलाख स्कीम हीच.

इन्शुरन्सचा घोळ 1953 मध्ये ग्रीन कार्ड (अमेरिकेतलं नव्हे, गाडीच्या विम्याचं) आल्यावर बराच सुटला, एका कार्डावर बरेच देश. बॉर्डरवरची रांग मात्र राहिलीच, ती पश्चिम युरोपातल्या काही देशांपुरती संपली 1995 मध्ये, शेंगेन करार प्रत्यक्षात आल्यावर.

रस्ते मात्र आधीपासून होते. फक्त मोटारींसाठी लांब रस्ता इटलीने 1924 मध्ये उघडला, मिलानहून सरोवरांच्या दिशेने, पिएरो पुरिचेल्ली या इंजिनिअरची कल्पना, आणि टोल तेव्हापासूनच. जर्मनीत कोलोन ते बॉन हा रस्ता 1932 मध्ये झाला, उद्घाटन केलं कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. म्हणजे ऑटोबान (जर्मनीतला मोटारींचा हायवे) हिटलरने शोधून काढला हे आपल्याकडे अजून ठोकून सांगतात ते खरं नाही, त्याने आयत्या कल्पनेवर प्रचंड बांधकाम आणि त्याहून प्रचंड जाहिरात केली. आणि जिथे स्पीड लिमिट नाही तिथेही 1974 पासून ताशी 130 किलोमीटरची शिफारस आहे, त्याआधी तेलटंचाईत 1973 च्या नोव्हेंबरपासून काही महिने 100 ची सक्ती होती, पण कायमची सक्ती जर्मनांनी काही होऊ दिली नाही.

पण यात एक विनोद आहे. नव्या गाडीचं इंजिन रुळेपर्यंत दामटायचं नसतं, बीएमडब्ल्यूचं मॅन्युअल पहिल्या 2000 किलोमीटरपर्यंत साधारण 160 च्या वर जाऊ नका म्हणतं. म्हणजे ज्या रस्त्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच रस्त्यावर नवी कोरी गाडी घेऊन गुपचूप उजव्या लेनमध्ये चालायचं आणि डावीकडून जुन्या डिझेल स्टेशन वॅगन सुसाट जाताना बघायच्या.

स्वीडनची व्होल्वो यात थोडी वेगळी. गोथेनबर्गजवळचा टोर्सलांडाचा कारखाना 1964 चा, आणि पुढे अमेरिकन गिऱ्हाइकाला विमानाची दोन तिकिटं आणि एक रात्र हॉटेल कंपनीकडून, अशी ऑफर बरीच वर्षं चालली. 1967 च्या 3 सप्टेंबरपर्यंत स्वीडनमध्ये गाड्या डावीकडून चालायच्या, स्टिअरिंग मात्र डावीकडेच असायचं! त्याआधी गाडी घ्यायला गेलेल्या अमेरिकन माणसाचं ओव्हरटेक करताना काय होत असेल कोण जाणे, आणि फेरीने डेन्मार्कला उतरलं की परत उजवी बाजू.

2000 नंतर थाटमाट वाढला. फोक्सवॅगनने वोल्फ्सबर्गला ऑटोश्टाट काढलं, काचेचे दोन वीस मजली टॉवर, त्यातून गाडी लिफ्टने खाली येते. बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये म्युनिकला बीएमडब्ल्यू वेल्ट उघडलं, जिन्यावरून उतरताना खाली फिरत्या चकतीवर आपली गाडी, वर दिव्यांचा झोत. पण गंमत अशी की सोहळा मोठा होत होता तेव्हा मूळ कारण आटत चाललं होतं. बीएमडब्ल्यूचा अमेरिकेतला स्पार्टनबर्गचा कारखाना 1994 पासून आणि मर्सिडीजचा अलाबामातला 1997 पासून चालू, आणि अमेरिकन लोकांना जी हवी ती एसयूव्ही नेमकी तिथेच बनायला लागली. अमेरिकेत बनलेली गाडी म्युनिकला कशाला घ्यायची? उरल्या सेडान आणि स्पोर्ट्स गाड्या, त्यांचा खप घसरता. 2020 मध्ये कोविडने प्रवास बंद झाला आणि बीएमडब्ल्यू, मर्सिडीजने अमेरिकेसाठीची योजना गुंडाळली. सगळं खापर कोविडवर फोडतात, पण योजना आधीच दमलेली होती.

पुण्या-मुंबईचे लोक विचारतात की आपण इथून जाऊन असं करू शकतो का. फिरण्यापुरतं फ्रेंच लाल प्लेटवालं जमण्यासारखं आहे. गाडी घरी आणायची म्हटलं तर आपल्या आयात नियमांत नवी गाडी म्हणजे जिची आधी कुठल्याही देशात नोंदणी झालेली नाही अशी, ती उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि न्हावाशेवा, चेन्नई, कोलकाता अशा ठरवून दिलेल्या ठिकाणांहूनच आणायची. तात्पुरती प्लेट लावून आल्प्स फिरवून आणलेली गाडी या व्याख्येत बसवणं अवघड. मग ती जुनी धरली तर जुन्या गाड्यांचे नियम आणखी कडक, आणि ड्युटी मिळून किंमत दुपटीच्याही पुढे. ब्रिटन आणि जर्मनीने टॅक्स सोडून डॉलर कमावले, आपल्याकडे परकीय चलन बाहेर जाऊ नये म्हणून दशकानुदशकं दारच बंद होतं, आणि आजचे नियम त्याच काळाची आठवण करून देतात.