नैतिक सार्वजनिक खरेदी : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात

सरकारी कार्यालये, महापालिका, जिल्हा परिषदा, दवाखाने, विद्यापीठे जनतेच्या पैशातून माल आणि सेवा विकत घेतात. ही खरेदी करताना दर आणि दर्जा यांच्या जोडीने तो माल कोणाच्या श्रमातून व कोणत्या परिस्थितीत तयार झाला हे पाहणे, आणि ते निविदेच्या अटींत बांधून घेणे, याला नैतिक सार्वजनिक खरेदी म्हणतात. किमान वेतन, बालमजुरी व वेठबिगारीला मनाई, कामाच्या जागेची सुरक्षितता, संघटना करण्याचा हक्क आणि वेळेवर मजुरी हे तिचे गाभ्याचे विषय. लाच घेऊ नये, देऊ नये हा खरेदीचा जुना नियम झाला. हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. निविदा धुतल्या तांदळासारखी असूनही तिच्यातून आलेल्या चादरीमागे बुडवलेली मजुरी असू शकते.

कोल्हापूर जिल्हा या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. इचलकरंजीत यंत्रमाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने), शिवारात ऊस. सरकारी भांडारात येऊन पडणाऱ्या कितीतरी वस्तू बनवण्याचे कसब इथेच, एसटीने तासाभरात पोचता येईल इतक्या अंतरावर आहे. खरेदीदाराने मनावर घेतले तर साखळीचे दुसरे टोक त्याला डोळ्यांनी पाहता येते.

एका चादरीचा प्रवास

समजा, एखाद्या दवाखान्याने चादरींची निविदा काढली आणि ती एका कापड व्यापाऱ्याला मिळाली. व्यापाऱ्याकडे बहुधा स्वतःचे माग नसतात. तो सूत घेतो. ते वहिफणीला, म्हणजे उभे धागे जुळवून गुंडाळायला जाते, तिथून सायझिंगमध्ये खळ लागून बीम (उभ्या धाग्यांचे रूळ) तयार होतात, आणि मग बीम 'खर्चीवाल्या'च्या शेडमध्ये येतात. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा यंत्रमागधारक. त्याच्या मागावर कामगार उभा असतो, कांडी भरणारा वेगळा, घडी घालणारा आणखी वेगळा.

मागावरच्या कामगाराची मजुरी ठरते मीटरवर आणि पिकावर. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. '52 पिकाला मीटरमागे किती पैसे' हा इचलकरंजीतल्या मजुरीच्या बोलण्यांचा पाया आहे. धागा तुटला की माग थांबतो, वीज गेली की सगळेच माग थांबतात, आणि थांबलेल्या मागाचे मीटर पडत नाहीत. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट आणि हवेत कापसाची तूस, अशा शेडमध्ये ती चादर विणली जाते. किमान वेतनाच्या मागणीसाठी इथल्या सायझिंग कामगारांनी 2015 मध्ये दीर्घ संप केला होता. त्यामुळे मजुरीचा प्रश्न इथे पुस्तकी नाही.

आता निविदेच्या कागदांकडे वळू. तांत्रिक लिफाफ्यात हमीपत्र असते : 'आमच्या आस्थापनेत बालकामगार नाहीत, आम्ही किमान वेतन देतो.' त्यावर सही व्यापाऱ्याची. आणि ते हमीपत्र खरेही असते, कारण त्याच्या आस्थापनेत दोन कारकून आणि एक हमाल असतो. खोटे कोणीच बोललेले नाही, तरी मागावरच्या माणसाबद्दल त्या कागदात एक अक्षर नाही. सगळ्या विषयाची मेख इथे आहे. अट जर पुरवठादाराच्या दारापाशीच थांबत असेल, तर ती नेमकी जिथे मजुरी बुडते तिथे पोचतच नाही. म्हणून 'माल प्रत्यक्ष कुठे तयार होणार त्या जागांची नावे द्या, आणि आम्हाला तिथे येऊ द्या' ही एक अट दहा हमीपत्रांहून मोलाची ठरते.

कायद्याचा आधार

भारतात या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही. संसदेत 2012 मध्ये सार्वजनिक खरेदी विधेयक मांडले गेले, पण ते मंजूर न होताच बारगळले. केंद्राची खरेदी सामान्य वित्तीय नियम, 2017 नुसार चालते. त्यातला नियम 175 सचोटीची संहिता सांगतो. लाच, संगनमत, हितसंबंध यांवर त्याचा भर आहे, मजुरीवर नाही. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयातील नियमपुस्तिका हा राज्याच्या कार्यालयीन खरेदीचा मुख्य आधार. सार्वजनिक कंत्राटांतील कामगार-अटींविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1949 चा करार (क्रमांक 94) भारताने स्वीकारलेला नाही.

तरीही सरकारला हात झटकता येत नाहीत. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी. आणि काम कंत्राटदाराला दिले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. कंत्राटी कामगार कायदा, 1970 नेही कंत्राटदाराने पगार थकवल्यास तो मूळ मालकाने, म्हणजे काम देणाऱ्या संस्थेने, द्यावा आणि कंत्राटदाराकडून वसूल करावा असे सांगितले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ही जबाबदारी आहे. पण ती आपल्या आवारात झाडू मारणाऱ्या, पहारा देणाऱ्या कंत्राटी माणसापुरती. विकत घेतलेल्या मालामागच्या कामगाराला ती लागू होत नाही. तिथे निविदेची अट हेच हत्यार.

कोल्हापूरला हा विचार परका नसावा. वतनाच्या नावाखाली गावकामगारांकडून सरकारी कामे फुकट करून घेण्याची रीत राजर्षी शाहू महाराजांनी मोडली. महार वतने 1918 मध्ये रद्द केली, संस्थानातली वेठ बंद केली. सरकार स्वतःच स्वस्त श्रमाचे गिऱ्हाईक असते, हे त्यांनी ओळखले होते.

सर्वात कमी दर

निविदेच्या भाषेत सर्वात कमी दराच्या बोलीला 'एल-वन' म्हणतात, आणि अंदाजपत्रकापेक्षा कमी भरलेल्या दराला 'बिलो'. कोणी वीस टक्के, कोणी तीस टक्के बिलो भरतो. सूत, लोखंड, वीज, डिझेल यांचे भाव कंत्राटदाराच्या हातात नसतात. उरते मजुरी. युरोपीय संघाच्या 2014 च्या खरेदी निर्देशानुसार असाधारण कमी बोलीचा खुलासा मागावा लागतो, आणि ती कामगार कायदा मोडून कमी झाली असेल तर फेटाळावीच लागते. भारत सरकारच्या खरेदी नियमावलीतही असाधारण कमी बोलीबद्दल लेखी खुलासा आणि दराची फोड मागण्याची तरतूद आहे. ती वापरायला कारकुनाला धीर लागतो, कारण एल-वन डावलला की लेखापरीक्षणाचा आक्षेप येईल ही धास्ती असते. फोड मागून, ती फाइलला लावून, मजुरीचा आकडा किमान वेतनाशी ताडून पाहिला तर आक्षेपालाही उत्तर तयार राहते.

मनुष्यबळाच्या कंत्राटांत ही गोष्ट थोडी सुधारली. सरकारी ऑनलाइन खरेदीच्या जेम पोर्टलवर अशा निविदांत वेतन आधीच ठरवून देता येते आणि स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर होते. मग लोक सेवाशुल्कच जवळजवळ शून्य भरू लागले. ज्याचा नफा शून्य, तो पैसे कुठून काढणार हे सांगायला नको. पुढे केंद्राने 3.85 टक्क्यांची किमान मर्यादा घातली.

झाकण, साखर, चप्पल

रस्त्यावरच्या गटाराच्या बिडाच्या झाकणाला आय.एस. 1726 हे भारतीय मानक आहे. वजन, भार सोसण्याची ताकद, ओतकामातले दोष, सगळे त्यात आहे, आणि निविदेत ते उतरवून घेतले जाते. पण झाकण साच्यातून निघाल्यावर त्याच्या कडा घासणारा, वाळूची धूळ छातीत घेणारा फेटलिंगचा कामगार त्या मानकात नाही. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस कारखाने अधिनियम, 1948 च्या अधिसूचित रोगांच्या यादीत होता. धूळ ओढणारी यंत्रणा आणि कामगारांची छातीची तपासणी या अटी वजनाच्या अटीशेजारीच लिहिता येतील.

साखरेची साखळी सर्वांत अवघड. रेशनवरच्या साखरेमागे उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेला 'कोयता' असतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच होत नाही. मुकादम, वाहतूकदार, कारखाना, व्यापारी इतके टप्पे ओलांडून निविदेची अट फडापर्यंत नेणे एकट्या कार्यालयाला झेपणारे नाही.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातून जागा आणि हस्तकला कळते, कारागिराला जोडामागे काय मिळाले ते कळत नाही. केंद्राच्या धोरणात वार्षिक खरेदीचा 25 टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून, त्यातला 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचा आहे. चर्मकार कारागिरांकडून थेट खरेदीला हा मार्ग खुला आहे.

बिल

अंमलबजावणीचा खरा क्षण बिल काढण्याचा असतो. भविष्य निर्वाह निधी आणि कामगार राज्य विमा यांची चलने, बँकेतून पगार जमा झाल्याची यादी हे कागद बिलाला जोडल्याशिवाय देयक मंजूर न करणे, हा सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय आहे. चलनावरची नावे हजेरीपटाशी जुळतात का, एवढे पाहिले तरी बरेच उघड होते.

पण नैतिकतेचा हा व्यवहार एकतर्फी नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे माल बनवणाऱ्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. सरकारी खरेदीदारही यातून सुटलेला नाही. अनुदान आले नाही, सही राहिली, मार्च उलटला अशा कारणांनी बिल सहा महिने पडून राहते, तेव्हा व्यापारी खर्चीवाल्याचे पैसे थांबवतो आणि खर्चीवाला मागावरच्या माणसाला म्हणतो, "पुढच्या आठवड्यात बघू."