आधी चित्रं, मग पत्रं

चित्रकारांविषयी वाचायची गोडी जुनी आहे. जॉर्जो वसारीने १५५० साली फ्लॉरेन्समध्ये इटालियन कलावंतांची चरित्रं छापली आणि १५६८ मध्ये ती वाढवून पुन्हा काढली. पण वसारी बराचसा बाहेरून सांगतो: कोण कुणाच्या हाताखाली शिकला, कुठल्या चर्चचं काम कुणाला मिळालं. कुंचला हातात असताना माणसाच्या मनात काय चाललेलं असतं, ते त्याच्याच शब्दांत वाचायची चटक पुढे ज्या पुस्तकांनी लावली, त्यांत व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांचं स्थान फार वरचं आहे. ही पत्रं आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्या भावजयीमुळे.

योहाना बोंगर ही ॲमस्टरडॅमची, इंग्रजीची शिक्षिका. एप्रिल १८८९ मध्ये व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थिओ व्हॅन गॉग याच्याशी लग्न होऊन ती पॅरिसला आली, तेव्हा घरातल्या एका छोट्या टेबलाचा खालचा खण थोरल्या दिरांच्या पत्रांनी भरलेला होता. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये, थिओही. पदरात वर्षाचं मूल, आणि वाट्याला आलेली शेकडो चित्रं, ज्यांना त्या वेळी गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच.

ती हॉलंडमधल्या बुसमला आली. पोटापाण्यासाठी तिने तिथे पाहुणे ठेवायला सुरुवात केली, जोडीला भाषांतरं केली. आणि रात्री पत्रं वाचली. त्या पत्रांत आपण शोधत होतो तो व्हिन्सेंट नव्हे, थिओ, असं तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात भिडतं ते हेच. नवऱ्याची आठवण शोधता शोधता दीर कळत गेला, आणि त्याचं काम लोकांसमोर आणणं हे थिओने आपल्यावर सोपवलेलं काम आहे, अशी तिची खात्री झाली.

पत्रं लगेच छापली असती तर ती खपली असती, असं मला वाटतं. कान कापून घेतलेला, इस्पितळात राहिलेला, सदतिसाव्या वर्षी गेलेला चित्रकार. कुतूहल वाटायला आणखी काय हवं? व्हिन्सेंटचा चित्रकार मित्र एमील बेर्नार याने आपल्याकडच्या पत्रांतले उतारे १८९३ पासून पॅरिसच्या एका नियतकालिकात द्यायला सुरुवात केलीही होती. योहाना मात्र थांबली. ज्या कामापायी माणसाने जीव ओतला, त्या कामाची कदर व्हायच्या आधीच त्याच्या आयुष्याबद्दल कुतूहल चाळवणं हा त्याच्यावर अन्याय होईल, अशी तिची भूमिका होती. म्हणून आधी प्रदर्शनं. १९०५ च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाची दालनं तिने स्वतः भाड्याने घेतली आणि चारशेहून जास्त कामं मांडली.

दुसरीकडे पत्रं लावायचं काम चालूच होतं, आणि ते किचकट होतं. व्हिन्सेंट बहुतेक पत्रांवर तारीखच घालत नसे. मजकुरातल्या खुणा पकडून कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे ठरवावं लागे. अखेर १९१४ मध्ये तीन खंड निघाले, तिच्या प्रस्तावनेसह. त्याच वर्षी तिने थिओचे अवशेष उत्रेख्तहून हलवून फ्रान्समधल्या ओव्हेरला व्हिन्सेंटच्या कबरीशेजारी ठेवले.

या पत्रांत सापडतं काय, ते ऑक्टोबर १८८८ मधल्या एका पत्रात बघावं. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल इथल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र तो थिओला समजावून देतोय. भिंती फिक्या जांभळ्या, जमीन लाल फरश्यांची. पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, चादर-उशा हिरवट लिंबाच्या रंगाच्या, पांघरूण लालभडक. खिडकी हिरवी, तोंड धुवायचं टेबल नारिंगी, भांडं निळं. सोबत खोलीचं रेखाटन. आणि हेतू एवढाच, की चित्र पाहून विसावा वाटावा. वेडाच्या भरात रंग फासणाऱ्या माणसाची दंतकथा या एका पत्राने गळून पडते. इथे दिसतो तो एकेक रंग जोखून ठेवणारा कारागीर.

योहाना १९१६ मध्ये अमेरिकेला गेली आणि तिथे पत्रांचं इंग्रजी करायला बसली. १९२५ मध्ये ती वारली तेव्हा पाचशेच्या वर पत्रं झाली होती. इंग्रजी आवृत्ती १९२७ पासून निघाली, ती पाहणं तिच्या नशिबात नव्हतं. आयर्विंग स्टोनची १९३४ ची कादंबरी याच पत्रांवर उभी आहे. आपल्याकडे अनेकांना व्हिन्सेंट भेटला तो माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणलेल्या त्या कादंबरीतून. कादंबरीने माणूस जवळ आणला, यात शंका नाही. पण कादंबरी त्याच्या दुःखावर जास्त रेंगाळते, तर पत्रांत कामाविषयीचं बोलणं पानोपान आहे.

योहानाने काही नावं आद्याक्षरांवर भागवली होती, घरातला काही मजकूर गाळलाही होता. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने पंधरा वर्षं खपून २००९ मध्ये सहा खंडांची संपूर्ण आवृत्ती काढली, तीत हे सगळं जागच्या जागी आलं. ९०२ पत्रं, रेखाटनांसकट, इंटरनेटवरही फुकट वाचता येतात.