नाकावर टोपी ओढलेला तो सांता नव्हे

डिसेंबर लागला की फोटो यायला सुरुवात होते. बटाट्याएवढं नाक, पोटापर्यंत दाढी, डोळे झाकून टाकणारी उंच टोपी, आणि खाली ओळ: 'स्वीडनचा सांताक्लॉज'. ऑनलाइन दुकानांत हाच बाहुला कधी 'स्वीडिश सांता' असतो, कधी 'ख्रिसमस नोम' (नोम म्हणजे परीकथांतला बुटका), तर कधी चक्क 'व्हायकिंग सांता'. उत्तरेकडची दाढी दिसली की लोकांना व्हायकिंगच आठवतात, त्याला कोण काय करणार!

स्वीडिश घरांत नाताळच्या रात्री दाढीवाले दोघे असतात. दोघेही तोम्ते; तोम्ते म्हणजे मुळात घरादाराची राखण करणारा लोककथांतला बुटका. एक गोर्डस्तोम्ते, म्हणजे शेतावरचा तोम्ते. दुसरा यूलतोम्ते, नाताळचा तोम्ते. स्वीडिश लोक बोलताना दोघांनाही नुसतं 'तोम्ते' म्हणतात, तेव्हा या घोळात त्यांचाही वाटा आहे.

यूलतोम्तेवर फार वेळ घालवत नाही, कारण तो तुम्हाला माहीतच आहे. लाल डगला, पाठीवर पोतं, पोत्यात भेटी. सांतापेक्षा वेगळं म्हणजे तो मुलं झोपल्यावर चिमणीतून उतरत नाही. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी सगळे जागे असताना दार ठोठावून येतो आणि विचारतो, "इथे कुणी शहाणी मुलं आहेत का?" त्याच्या थोडं आधी घरातले बाबा किंवा काका पेपर आणायला म्हणून बाहेर पडलेले असतात आणि दरवर्षी त्यांची नि तोम्तेची चुकामूक होते. हे सगळं दुपारी तीनचा टीव्हीवरचा डोनाल्ड डक पाहून झाल्यावर. तो कार्यक्रम बुडवून कोणताही तोम्ते येत नाही.

आता दुसरा. गोर्डस्तोम्ते हा नाताळपुरता नसतोच. तो बारा महिने शेतावर असतो, गोठ्यात नाहीतर तबेल्यात. उंची लहान मुलाएवढी, कपडे करडे, घरचेच विणलेले, डोक्यावर बहुधा लाल टोपी. घरातली माणसं झोपली की हा उठतो, गुरांना वैरण घालतो, घोड्याला खरारा करतो, आयाळीची वेणी घालतो, कोठाराची कडी लागली आहे का बघतो. ज्या घरावर त्याची मर्जी, त्या घरचं दूध आटत नाही. मात्र गुरांना मारलं, गोठ्यात शिवीगाळ केली किंवा त्याची टिंगल केली, तर कानाखाली बसते. अदृश्य हाताची असली तरी चांगली सणसणीत.

कोकणातल्या वाचकाला एवढ्यावरच ओळख पटली असेल. हा राखणदार आहे. रात्री काठी टेकत हद्दीवरून फिरणारा, वर्षाचा नारळ-कोंबडा वेळेवर मिळाला तर बागेला धक्का लागू न देणारा आणि विसरलात तर आठवण करून देणारा. गोव्यात देवचाराला, म्हणजे तिथल्या राखणदाराला, रोट आणि दारू ठेवतात, कोकणात कुठे विडी ठेवतात. स्वीडनच्या काही भागांत तोम्तेलाही तंबाखू ठेवत. फरक इतकाच की आपला राखणदार अख्ख्या गावाची वेस सांभाळतो, तोम्ते एकाच शेताला बांधलेला असतो आणि प्रत्यक्ष अंगमेहनत करतो.

आणि नेमकं इथेच सगळ्यांचं चुकतं. लोक टोपीचा रंग बघतात, दाढीची लांबी बघतात, 'याचे डोळे दिसत नाहीत, म्हणजे हा नोम' असले निकष लावतात. टोपीबिपी सोडा. देणारा कोण आणि घेणारा कोण, तेवढं बघा. यूलतोम्ते तुम्हाला देतो. गोर्डस्तोम्तेला तुम्ही द्यायचं असतं, आणि तेही भेट म्हणून नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी उंबऱ्याबाहेर किंवा गोठ्यात त्याच्यासाठी वाडगाभर ग्रोत ठेवतात. ग्रोत म्हणजे दुधात शिजवलेली घट्ट पेज, वर लोण्याचा गोळा. ती त्याची वर्षाची मजुरी. मजुरीत काटछाट चालत नाही.

हे किती गंभीरपणे घेत, ते लोककथांत दिसतं. सगळ्या उत्तरेत सांगितली जाणारी एक कथा अशी: मोलकरणीने थट्टेने लोणी वाडग्याच्या तळाशी घातलं आणि वर पेज ओतली. तोम्तेने बघितलं, लोणी नाही. तडक गोठ्यात गेला आणि सगळ्यांत चांगली गाय मारून टाकली. परत येऊन पेज खाल्ली तर तळाला लोणी! मग खजील होऊन रात्रीतून कुठूनतरी तशीच गाय आणून दावणीला बांधली. (शेजाऱ्याच्या गोठ्यातून, असं काही ठिकाणी सांगतात. शेजाऱ्याच्या तोम्तेचं त्यावर काय म्हणणं होतं, हे कथा सांगत नाही.)

दुसरी कथा मला जास्त आवडते, कारण ती मुद्द्यालाच हात घालते. एका घरी तोम्ते रात्री पीठ चाळायचा. घरधनिणीला त्याच्या फाटक्या कपड्यांची दया आली आणि तिने नवे शिवून ठेवले. तोम्तेने ते घातले, खूश झाला आणि चाळण ठेवून दिली: आता मी नटलोय, पिठाने कपडे मळतील, यापुढे चाळणार नाही. म्हणजे मजुरी दिली की काम चालतं, बक्षीस दिलं की करार मोडतो. अशा माणसाच्या हातात गिफ्टचं पोतं देऊन तुम्ही त्याला दुकानाच्या काचेत उभा करता, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

चर्चला हा गृहस्थ कधीच पटला नाही. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत बिर्गित्ताने घराच्या जागेवरच्या असल्या देवांना पुजू नका, असं बजावलं होतं. म्हणजे लोक पुजत होते.

मग या फटकळ राखणदाराचा भेटी वाटणारा आजोबा झाला कसा? तोम्तेच्या आधी भेटींचा संबंध होता नाताळच्या बोकडाशी. अठराव्या शतकात दार वाजवायचं, भेट आत फेकायची आणि पळून जायचं, अशी रीत होती. दारावरची थाप तिथूनच आली. एकोणिसाव्या शतकात बोकडाचा मुखवटा घातलेला माणूस भेटी वाटू लागला. गवताचे छोटे बोकड आजही झाडाखाली ठेवतात, आणि येवले शहरात (हो, उच्चार आपल्या पैठणीच्या येवल्यासारखाच) 1966 पासून चौकात गवताचा प्रचंड बोकड उभारतात. तो बऱ्याच वर्षी कुणीतरी जाळून टाकतं. पहिल्याच वर्षी तो 31 डिसेंबरच्या रात्री जळला होता.

1881 मध्ये व्हिक्टर रिडबेर्ग या कवीने तोम्तेवर एक कविता छापली. ऐन हिवाळ्यातली कडाक्याची रात्र, सगळे झोपलेले, एकटा तोम्ते गोठ्यापासून घरापर्यंत फेरी मारतोय आणि माणसं कुठून येतात, कुठे जातात या कोड्यावर डोकं खाजवतोय. कवितेत नाताळ नाही, भेटी नाहीत. पण तिच्यासाठी चित्रं काढली येनी न्यूस्त्रोमने. कालमारमध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीने पुढे नाताळच्या शुभेच्छापत्रांवर तोम्ते इतके रंगवले की स्वीडिश माणसाच्या डोळ्यांपुढे तिचाच तोम्ते येऊ लागला: पांढरी दाढी, लाल टोपी, गालांवर लाली. परदेशातून येणाऱ्या भेटवाल्या आजोबांशी त्याची गाठ पडली, बोकड मागे पडला, आणि करड्या मजुराला लाल डगला मिळाला. माझ्या मते तिची सुरुवातीची करडी चित्रंच खरी. नंतरचे गुलाबी गालवाले तोम्ते मला बिस्किटांच्या डब्यावरच बरे वाटतात.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "लाल रंग कोकाकोलाने आणला." नाही. लाल सांता त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. कोकाकोलाच्या जाहिरातींनी 1931 पासून त्याचं एक रूप जगभर पक्कं केलं, एवढंच. गंमत अशी की ती चित्रं काढणारा हॅडन सुंडब्लोम मिशिगनमध्ये जन्मला असला तरी स्वीडिश बोलणाऱ्या स्थलांतरितांचा मुलगा होता. म्हणजे तोम्तेला झाकोळून टाकणारा सांतासुद्धा घरच्याच माणसाने रंगवला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930 पर्यंत बारा-तेरा लाख स्वीडिश माणसं अमेरिकेत गेली. मिनेसोटा, इलिनॉय, कॅन्ससमधलं लिंड्सबोर्ग, अशा ठिकाणी त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरी आजही बटाट्याचं सॉसेज होतं, लुटफिस्क नावाचा क्षारात भिजवलेला सुका मासा होतो, आणि भेटी 24 च्या संध्याकाळी उघडायच्या की 25 च्या सकाळी, यावर नवरा-बायकोत वाद होतो. तोम्तेचं मात्र तिथे वाईट झालं. भेटींचं काम सांताने घेतलं आणि शेतावरचा तोम्ते शेकोटीवरच्या फळीवर शोभेला बसला. आज जगभर विकला जाणारा, टोपी नाकावर ओढलेला बाहुला त्याच शोभेच्या तोम्तेचा वारस. घरात ठेवायला माझी हरकत नाही. त्याला सांता म्हणू नका.

बाकीचे फरक एका दमात. नॉर्वे-डेन्मार्कचा निस्से म्हणजे जवळपास हाच तोम्ते, फिनलंडचा तोन्त्तूही त्याच घरातला. बागेत मासे धरून बसणारा मातीचा बुटका जर्मन, त्याचा इथे संबंध नाही. रोव्हानिएमीचं सांताचं गाव फिनलंडमध्ये आहे, स्वीडनमध्ये नाही. डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी ही लुसिया, तिचा दिवस 13 डिसेंबर.

घरी ग्रोत करून बघायची असेल तर बासमती नको. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या, मंद आचेवर दुधात मऊ शिजवा, चिमूटभर मीठ घाला. वेलची-केशर घातलंत तर ती खीर झाली. साखर आणि दालचिनीची पूड ज्याने त्याने आपल्या ताटलीत वरून घ्यायची. भांड्यात एक सोललेला बदाम लपवतात, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्षभरात लग्न जमतं म्हणे. तो बदाम घरच्यांच्या भांड्यात टाकायचा. तोम्तेचा वाडगा त्याआधीच वेगळा काढून घ्या.