युद्धकाळात ब्रिटनला आलेल्या पोलिश वडिलांचा शोध: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

जून 1940 मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडलं आणि तिथे लढणारे हजारो पोलिश सैनिक ब्रिटनला आले. लष्कराचा मोठा भाग स्कॉटलंडमध्ये राहिला, हवाई दलाचा तळ इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला. त्यांच्यापासून तिथे झालेल्या कित्येक मुलांच्या जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना कोराच आहे. त्यासाठी आईला बोल लावू नका. लग्न झालेलं नसेल, तर इंग्लंडच्या कायद्याने वडिलांनी स्वतः निबंधकासमोर येऊन सही करावी लागे. तोवर तुकडी कुठल्या कुठे हललेली असायची.

दत्तक गेलेल्यांनी आधी मूळ जन्मदाखला मागवावा. इंग्लंड-वेल्समध्ये वय 18 पूर्ण हवं, स्कॉटलंडमध्ये 16. इंग्लंड-वेल्समध्ये 12 नोव्हेंबर 1975 पूर्वी दत्तक गेला असाल, तर आधी समुपदेशकाची भेट सक्तीची आहे. आईने पोटगीसाठी दावा लावला असेल, तर त्या कोर्टाची जुनी दप्तरं जिल्हा अभिलेखागारात पाहा. वडिलांचं नाव तिथे सापडू शकतं.

ब्रिटिश सरकारकडे वडिलांची सेवानोंद (लष्करी सेवेची नोंद) मागताना पूर्ण नाव, जन्मतारीख, जमल्यास सेवा क्रमांक आणि मृत्यूचा दाखला लागतो. म्हणून फॉर्म भरायची घाई करू नका, आधी नाव पक्कं करा. खरी मेहनत इथेच आहे. घरी ऐकलेला 'स्टॅन' मुळात स्टानिस्वाव असतो. पोलिशमध्ये रेघ मारलेल्या 'ल'चा उच्चार 'व'सारखा होतो, त्यामुळे कानावर पडलेलं आणि कागदावरचं नाव जुळत नाही. दोन्ही रूपं शोधा. जुना फोटो असेल तर भिंग घेऊन बसा: बाहीवर 'पोलंड' अशी पट्टी दिसते का, टोपीवर गरुड आहे का, मागे स्टुडिओचा शिक्का कुठल्या गावाचा आहे.

वडील हवाई दलात असतील, तर 'लिस्ता क्शिस्त्का' ही पोलिश हवाई दलातल्या लोकांची ऑनलाइन यादी मोफत पाहता येते. सेवा क्रमांक तिथेच मिळतो. पोलिश सैन्याची कागदपत्रं जपणारी लंडनची सिकोर्स्की संस्था आणि संग्रहालय हाही मोठा आधार आहे. ब्रिटनमध्येच राहून नागरिकत्व घेतलेल्यांची नावं 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापली जात.

पोलिश जनरल अँडर्स यांच्या सैन्यातले लोक इटलीतून 1946 मध्ये आले. त्यांच्यापैकी अनेकांच्या बायकामुलांनी 1943 ते 1948 ही वर्षं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत काढली. तेव्हा तुमची सावत्र भावंडं वळिवड्यात वाढलेली असू शकतात. त्यांना पहिलं पत्र लिहाल ते पोलिशमध्ये, छोटं आणि मायेचं लिहा. सोबत फोटोची प्रत जोडा, मूळ फोटो स्वतःजवळच ठेवा.